नायलॉन हा शब्द त्याने ऐकलाच नाही

गळीत हंगामात तेलगावच्या साखर कारखान्याच्या रस्त्याला कधी उभे राहिला असाल, तर उसाच्या गाड्या मोजण्यापलीकडे आणखी एक गोष्ट बघण्यासारखी असते. ऊस आवळून धरणारे दोर. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात हे काम अंबाडीच्या वाखाचे दोर करायचे. आता बहुतेक ठिकाणी नायलॉनचा दोर असतो. त्याचं टोक नीट बघा. धागे उसवू नयेत म्हणून कुणीतरी काडी ओढून ते वितळवलेलं असतं. तिथं एक कडक, काळपट गोळा तयार झालेला असतो. तो दगडाने ठेचला तर त्याचे टवके उडतात. आणि त्याच्या बोटभर अलीकडचा तोच दोर भरल्या गाडीचा ऊस आवळून धरतो, हिसके खातो आणि तुटत नाही.

आता सांगा, फरक कशाचा? गोळा थोडासा जळालेला असतो हे खरं, पण मुळात दोन्हीकडे नायलॉनच आहे. केमिस्ट्रीच्या पेपरात दोघांचा फॉर्म्युला एकच लिहाल आणि मार्क मिळतील.

(एक खुलासा इथेच करून टाकते. दुकानात मागाल त्या प्रत्येक प्लास्टिकच्या दोरीला नायलॉन म्हणतात, पण ती बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलीनची असते. तुकडा बादलीत टाकून बघा. नायलॉन बुडतो, पॉलिप्रॉपिलीन तरंगतं. आजची गोष्ट मात्र दोघांनाही लागू आहे.)

हा फरक पहिल्यांदा ज्या टीमच्या हाताला लागला, तिचा प्रमुख होता वॉलेस ह्यूम कॅरोथर्स. नायलॉनचा जनक म्हणून त्याचं नाव तुम्ही दहावी-बारावीच्या पुस्तकात किंवा एखाद्या स्पर्धा परीक्षेच्या गाईडमध्ये एका ओळीत वाचलं असेल. त्या एका ओळीपलीकडचा माणूस आज भेटवायचा आहे.

कॅरोथर्सचा जन्म 27 एप्रिल 1896 चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या बर्लिंग्टन गावातला. चार भावंडांत थोरला. वडील डी मॉइन शहरात एका कमर्शियल कॉलेजात शिकवायचे. मुलाने शाळा संपवल्यावर त्याच कॉलेजात अकाउंट्सचा कोर्स केला. म्हणजे घरच्यांच्या मनासारखं आधी, स्वतःच्या मनासारखं नंतर. ही भानगड आपल्याकडचीच आहे असं समजू नका. मग तो मिझुरी राज्यातल्या टार्किओ नावाच्या छोट्या कॉलेजात सायन्स शिकायला गेला. तिथं एक गंमत झाली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास केमिस्ट्रीचे प्राध्यापक कॉलेज सोडून गेले आणि नवीन माणूस मिळेना. तेव्हा स्वतः विद्यार्थी असलेल्या कॅरोथर्सकडेच केमिस्ट्री शिकवायचं काम आलं. विचार करा, तुमच्या वर्गातला शेवटच्या बाकावरचा गप्प मुलगा उद्या तुमचं प्रॅक्टिकल घेतोय!

1920 ला बी. एस्सी., पुढे इलिनॉय विद्यापीठातून एम. ए. आणि 1924 मध्ये पीएच. डी. मग दोन वर्षं तिथंच शिकवणं आणि 1926 मध्ये थेट हार्वर्ड. बायोडेटा म्हणून एकदम भारी. पण वर्गासमोर उभं राहून बोलणं त्याला मनापासून नको असायचं. लॅबमध्ये एकटं बसवा, खूश. चारचौघांत बोलायला लावा, की त्रास सुरू.

हार्वर्डला असतानाच ड्यूपाँट कंपनीचं बोलावणं आलं. विल्मिंग्टनला कंपनीची मोठी प्रयोगशाळा होती आणि चार्ल्स स्टाइन हे तिथले केमिकल डायरेक्टर एक वेगळाच प्रयोग करत होते. लगेच विकता येईल असं काही शोधायचं नाही, फक्त मूलभूत संशोधन करायचं. कॅरोथर्सने आधी नकार दिला. नकाराचं कारण मात्र वाचण्यासारखं आहे. आपल्याला अधूनमधून मनाचा त्रास होतो, त्या दिवसांत काम होत नाही, आणि कंपनीत हे चालणार नाही, असं त्याने स्वतःहून कळवून टाकलं. 1920 च्या दशकात, नोकरीच्या पत्रव्यवहारात! आज आपल्यातलं किती जण इंटरव्ह्यूला असं सांगतील? कंपनीने तरी त्याला सोडलं नाही. पगार वाढवून पुन्हा विचारलं आणि 1928 च्या फेब्रुवारीत तो रुजू झाला.

त्याने विषय निवडला पॉलिमरचा. तेव्हा या विषयात मोठं भांडण चालू होतं. रबर, रेशीम, कापूस यांचे रेणू खरंच एवढे लांबलचक असतात, की लहान रेणूंचे घोळके कुठल्यातरी गूढ बळाने चिकटलेले असतात? जर्मनीतले हरमान श्टाउडिंगर लांब रेणूंच्या बाजूने एकटे लढत होते. कॅरोथर्सने वाद घालायच्या ऐवजी सरळ बांधकामच काढलं. दोन्ही टोकांना हात असलेले लहान रेणू घ्यायचे, कॉलेजच्या पुस्तकातल्या साध्या रिअॅक्शनने एकमेकांना जोडायचे, आणि साखळी किती लांब होते ते मोजायचं. लांब रेणू आपणच तयार केला, तर तो असतो का नसतो हा प्रश्नच उरत नाही.

पण साखळी एका मर्यादेपलीकडे वाढेना. रेणुभार पाच-सहा हजारांवर अडकायचा. इथं कॅरोथर्सचं एक छोटंसं गणित सांगायलाच हवं. ते आजही पॉलिमरच्या पहिल्या सेमिस्टरला येतं. जोडणी 90 टक्के झाली तर साखळीत सरासरी फक्त 10 कड्या असतात. 95 टक्के झाली तर 20. 99 टक्के झाली तर 100, आणि 99.5 टक्क्यांना 200. म्हणजे 95 टक्के मिळवूनही इथं नापास! सगळा खेळ शेवटच्या एक टक्क्यात. आणि तो टक्का अडवत होतं पाणी. प्रत्येक जोडणीला पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, आणि तो तिथंच घुटमळला की जोडणी उलटी फिरते.

मग त्याच्या टीमने मॉलिक्युलर स्टिल नावाचं उपकरण वापरलं. जवळपास निर्वात पोकळी, आणि तापलेल्या पदार्थाच्या अगदी जवळ एक थंड पृष्ठभाग. पाण्याचा रेणू सुटला की तिथं जाऊन गोठतो, परत यायचं नाव नाही. 1930 च्या एप्रिलमध्ये टीममधल्या जूलियन हिलने या पद्धतीने पॉलिएस्टर केलं आणि रेणुभार 12 हजारांच्या वर गेला. त्याच महिन्यात त्याच गटात आर्नल्ड कॉलिन्सच्या हाती कृत्रिम रबर लागलं होतं, जे पुढे निओप्रीन म्हणून विकलं गेलं. एका महिन्यात दोन शोध. आमच्या प्रोजेक्टला एका वर्षात एक धड निष्कर्ष निघत नाही, ते जाऊ द्या.

हिलने त्या वितळलेल्या चिकट पदार्थात काचेची कांडी बुडवून वर ओढली. तार निघाली. ती थंड झाल्यावर मऊ, पांढरट, कमकुवत होती. मग त्याने ती थंड तार हाताने ताणली. ती तुटली नाही. एका जागी एकदम बारीक झाली आणि ते बारीकपण पुढे सरकत गेलं. तार मूळ लांबीच्या कितीतरी पट वाढली, आणि ताणलेला भाग चकचकीत, पारदर्शक, चिवट झाला. असं सांगतात, की एकदा साहेब बाहेर गेले असताना या मंडळींनी ही तार किती ताणते ते बघायला चक्क व्हरांड्यात पळापळ केली होती.

हे तुम्हाला घरी करून बघता येतं. दुधाच्या रिकाम्या पिशवीची बोटभर रुंदीची पट्टी कापा आणि दोन्ही टोकं धरून सावकाश ओढा. हिसका देऊ नका. मधेच तिला कंबर येईल, आणि ती कंबर दोन्ही बाजूंना सरकत जाईल. पूर्ण ताणून झाली की पट्टी पुढे वाढायलाच तयार होत नाही, बोटं कापतात पण ती तुटत नाही.

आत काय झालं? वितळलेल्या पॉलिमरच्या साखळ्या म्हणजे उपसून ठेवलेला शेवयांचा ढीग. थंड होताना काही साखळ्या घड्या घालून नीट बसतात, त्यांचे बारीक स्फटिक होतात. बाकीचा गुंता तसाच राहतो. अशा तारेवर जोर दिला तर तो मोजक्या ठिकाणी येतो आणि ती सहज हार मानते. पण ती थंडपणी ताणली की घड्या उलगडतात, साखळ्या ओढाच्या दिशेने आडव्या-उभ्याच्या एका रांगेत येतात आणि शेजारी शेजारी घट्ट बसतात. आता जोर एकदम हजारो साखळ्यांवर वाटला जातो. नायलॉनमध्ये तर शेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरूनही ठेवतात. कॅरोथर्स आणि हिल यांनी 1932 मध्ये हे प्रसिद्ध केलं तेव्हा क्ष-किरणांचा पुरावाही दिला: ताणण्याआधीच्या तारेत दिशा दिसत नाही, ताणल्यानंतर दिसते.

याची किंमतही असते. सगळी ताकद एकाच दिशेला जाते. पॅकिंगची प्लास्टिकची सुतळी लांबीत ओढून तुटत नाही, पण नखाने उभी चिरत जाते, ती याचमुळे.

म्हणजे काडीने वितळवलेल्या त्या टोकाचं उत्तर मिळालं. दोर करताना जी रांग लावली होती, ती वितळवल्यावर मोडली. साखळ्या परत शेवयांच्या ढिगात गेल्या आणि थंड झाल्यावर कुणी ताण दिला नाही.

इथपर्यंत ऐकून वाटेल, की झालं, आता पैसाच पैसा. तसं झालं नाही. हिलचं ते पॉलिएस्टर 100 अंशांच्या आतच वितळायचं. असा शर्ट इस्त्रीखाली काय, उकळत्या पाण्यातही टिकला नसता. कॅरोथर्सने थोडे प्रयत्न करून विषय बाजूला ठेवला. (पुढे 1941 मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी वेगळं आम्ल वापरून जास्त तापमानाला टिकणारं पॉलिएस्टर केलं. तुमच्या कॉलेजची स्पोर्ट्स जर्सी त्या घराण्यातली.)

मधल्या काळात ड्यूपाँटमध्ये स्टाइनच्या जागी एल्मर बोल्टन आले. मंदी चालू होती आणि बोल्टनना विकता येणारी वस्तू हवी होती. त्यांनी धाग्याचा विषय पुन्हा काढायला लावला. 1934 च्या सुरुवातीला कॅरोथर्स पॉलिएस्टर सोडून पॉलिअमाइडकडे वळला, आणि मे महिन्यात डोनल्ड कॉफमनने त्यातून चांगली तार ओढली. त्याच उन्हाळ्यात मात्र कॅरोथर्स कुणाला न सांगता कामावरून गायब झाला. नंतर कळलं, की तो बाल्टिमोरमध्ये मनोरुग्णांच्या एका दवाखान्यात दाखल झाला होता. तिथून तो परत आला आणि काम पुढे सुरू केलं. 28 फेब्रुवारी 1935 ला त्याच्या मार्गदर्शनाखाली जेरार्ड बर्शेने सहा-सहा कार्बनचे दोन घटक जोडून पॉलिअमाइड 6,6 केलं. हेच नायलॉन. कच्चा माल बेंझिनपासून मिळणार होता, म्हणून बोल्टननी हेच निवडलं.

आता ते वितळायला 265 अंशांच्या आसपास तापमान लागायचं. इस्त्रीचा प्रश्न सुटला, पण नवीन उभे राहिले. तोपर्यंत रेयॉनसारखे कृत्रिम धागे द्रावणातून काढायचे. इथं पदार्थ वितळवून बारीक भोकांच्या ताटलीतून दाबून काढायचा होता, आणि असं कारखान्याच्या पातळीवर कुणी केलेलं नव्हतं. तापमान थोडं कमी झालं तर नायलॉन गोठणार, फार वाढलं तर साखळ्या तुटायला लागणार. मधली जागा चिंचोळी. हवेतला ऑक्सिजन लागला की पिवळा पडणार. बुडबुडा आला की तिथं धागा तुटणार. ओलावा राहिला, तर ज्या पाण्याला एवढ्या मेहनतीने हाकललं तेच साखळ्या कापत बसणार.

आणि धागा बाहेर पडल्यावरचं पुढचं सगळं त्याच्या आतल्या रचनेवर छाप सोडतं. झटकन थंड केला तर स्फटिक लहान राहतात आणि धागा नंतर नीट ताणता येतो. रेंगाळत थंड केला तर स्फटिकांचे मोठे गोळे होतात आणि तो ठिसूळ होतो. ताण कमी दिला तर धागा वापरताना लांबत जातो, ढिला पडतो. जास्त दिला तर तंतू तुटतात. साधारण चौपट ताणणं नायलॉनला मानवतं. त्यानंतर गरम वाफेत बसवला तर त्याचा आकार कायम होतो. पहिले नायलॉनचे पायमोजे असेच पायाच्या साच्यावर चढवून वाफवायचे. मेकॅनिकल किंवा टेक्सटाईलला असाल तर व्हायवाला हे नक्की विचारतील: पॉलिमर तोच, मशीनची सेटिंग बदलली, की माल दुसरा.

हे काम कॅरोथर्सचं एकट्याचं नव्हतं, आणि कारखान्याचा भाग तर बहुतेक इतरांनीच केला. मला विचाराल तर हिलचं नाव पुस्तकातल्या त्या एका ओळीत यायला हवं होतं. पण साखळी कशी वाढते, का अडते आणि किती वाढली की धागा होतो, हे ज्याने आधी स्वच्छ समजून घेतलं तो कॅरोथर्स. 1934 मध्ये त्याच्या हाताखाली आलेल्या पॉल फ्लोरीला पुढे 1974 चं नोबेल मिळालं. श्टाउडिंगरना 1953 मध्ये मिळालं. कॅरोथर्सचं नाव या यादीत नाही, कारण नोबेल जिवंत माणसांना देतात.

1936 हे साल बाहेरून बघितलं तर त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं. फेब्रुवारीत हेलन स्वीटमनशी लग्न झालं. एप्रिलमध्ये अमेरिकेच्या नॅशनल अॅकॅडमी ऑफ सायन्सेसवर निवड झाली. उद्योगात काम करणाऱ्या ऑर्गॅनिक केमिस्टला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. पण जूनमध्ये तो पुन्हा हॉस्पिटलमध्ये होता. आपल्याकडून काहीच भरीव झालं नाही, आता नवीन काही सुचत नाही, असं त्याला वाटत राहायचं. 50 हून जास्त पेटंटं नावावर असलेल्या माणसाला! जानेवारी 1937 मध्ये त्याची लाडकी बहीण इझाबेल न्यूमोनियाने गेली. ती रेडिओवर गाजलेली कलाकार होती. या धक्क्यातून तो सावरला नाही. 9 एप्रिलला पॉलिअमाइडच्या पेटंटचा अर्ज दाखल झाला. 29 एप्रिल 1937 ला फिलाडेल्फियात त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. 41 वर्षं पूर्ण होऊन दोनच दिवस झाले होते.

बऱ्याच ठिकाणी हे असं लिहिलेलं असतं, की अपयशाच्या भावनेने त्याने जीव दिला. मला ते पटत नाही. अपयश कुठं होतं? त्याला आजार होता, तो आजार त्याला खोटं सांगत होता, आणि त्या काळात त्यावर आजच्यासारखी औषधं नव्हती. आज आहेत. तुमच्या होस्टेलमध्ये, रूमवर, कुणाला हा त्रास असेल, किंवा तुम्हालाच असेल, तर 14416 हा टेली-मानसचा नंबर चोवीस तास चालू असतो. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. कॅरोथर्सने तर नोकरी लागायच्या आधीच आपला त्रास कागदावर लिहून दिला होता. लाज बाळगण्याचं त्यात काही नव्हतं, हे त्याला 1928 च्या आधी कळत होतं.

त्याच्या मृत्यूनंतर सात महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, मुलगी झाली. तिचं नाव जेन. 1938 च्या सप्टेंबरमध्ये पेटंट मंजूर झालं आणि ऑक्टोबरमध्ये कंपनीने धागा जाहीर केला. नायलॉन हे नाव त्याच वर्षी ठरलं, म्हणजे ज्याने तो पदार्थ घडवला त्याच्या कानावर ते कधी पडलंच नाही. पहिली वस्तू बाजारात आली ती दात घासायच्या ब्रशचे केस. 1939 च्या शेवटी डेलावेअरमधल्या सीफर्डला कारखाना सुरू झाला आणि 15 मे 1940 ला अमेरिकाभर पायमोज्यांसाठी बायकांच्या रांगा लागल्या. मग युद्ध आलं आणि सगळं नायलॉन पॅराशूट, दोर आणि टायरच्या दोऱ्यांकडे वळलं.

आपल्याकडे गोरेगावला निरलॉन नॉलेज पार्कमध्ये कुणी इंटर्नशिपला गेलं असेल, तर आज जिथं एसीमध्ये लॅपटॉप उघडतात तिथं एकेकाळी नायलॉनचं सूत निघायचं. पुण्यात भोसरीला सेंच्युरी एन्का अजून नायलॉन बनवते. चिंचवड आणि वाईत गरवारेंचे दोर आणि मासेमारीची जाळी होतात. रायगडमधल्या पाताळगंगेला 1982 पासून पॉलिएस्टर निघतं. अशा कारखान्यांत आता धागा मिनिटाला तीन हजार मीटर आणि त्याहून जास्त वेगाने गुंडाळता येतो. म्हणजे ताशी 180 किलोमीटर, आपली लालपरी उताराला लागली तरी जवळ येणार नाही. आणि गंमत म्हणजे एवढ्या वेगाने ओढला, की वितळलेला धागा गोठेपर्यंतच त्याच्या साखळ्या बऱ्याचशा रांगेत आलेल्या असतात. हिलने काचेच्या कांडीवरची तार थंड झाल्यावर हाताने जे केलं, त्यातलं अर्धं काम गुंडाळणारं मशीनच करून टाकतं.

ज्या रांगेमुळे दोर टिकतो, तिच्यामुळेच संक्रांतीत नायलॉनचा मांजा तुटत नाही आणि पक्ष्यांचे पंख, माणसांचे गळे कापतो. म्हणून त्यावर बंदी आहे. माजलगाव धरणात तुटून राहिलेल्या जाळीत मासे नंतरही अडकू शकतात, तेही यामुळेच. जूलियन हिल 1996 पर्यंत जगला, एक्याण्णव वर्षांचा होऊन. उतारवयात त्याला धास्ती वाटायची ती प्लास्टिकच्या ढिगाची. दुधाच्या पिशवीची ती पट्टी ताणून झाली असेल, तर रस्त्यावर टाकू नका. खिशात घालून उद्या वर्गात न्या. शेजाऱ्याला एक टोक धरायला द्या आणि सावकाश ओढा.